विंगेतल्या काकांचं पान

जरा कल्पना करून पाहा. डोळे मिटू नका, मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? फक्त असं समजा, की तुम्ही एका लांब बाकावर बसला आहात आणि एकेकाचं नाव पुकारलं जातंय. तुमच्या अलीकडचा उठला. आता आपलंच नाव, म्हणून तुमच्या पोटात गोळा आला. आणि पुकारलं गेलं ते तुमच्या पलीकडच्याचं. कुणी तुमच्यावर रागावलं नाही. कुणी ‘तुम्ही नको’ असंही म्हणालं नाही. पाणी दगडावरून जातं तसं ते नाव तुमच्यावरून पुढं गेलं, एवढंच. खरं तर आता ‘सुटलो बुवा’ असं वाटायला हवं, पोटातला गोळा विरघळायला हवा. मग तो तिथंच का बसून राहतो? हा गोळा पोटात घेऊन एका रविवारी दुपारी एक आजोबा टेबलाशी बसले होते. आपण त्यांच्या शेजारी जाऊन बसू या. आवाज न करता, कारण समोर वाचन चाललंय.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. खिडकीशी जेवायचं टेबल आणि त्यावर साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलेला टॅब. पडद्यावर लहान लहान चौकटी, प्रत्येक चौकटीत एकेक घर: कुणाची पुस्तकांची फळी, कुणाच्या मागं वाळत घातलेले कपडे, कुणाचं नुसतंच कपाळ. गॅलरीत कपडे धुण्याचं मशीन शेवटच्या फेऱ्या मारत होतं आणि त्याच्या हादऱ्यानं टॅबही किंचित थरथरत होता, त्यामुळं सगळी माणसं थंडी वाजल्यासारखी दिसत होती. दातांच्या डॉक्टरीणबाई सगळ्यांची पाळी पुकारत होत्या. वयानं तरुण, कामाला चोख. नुकतंच धाकट्या ताईंचं पान वाचून झालं होतं. धाकट्या आणि थोरल्या ताई या दोघी बहिणी, एकाच चौकटीत, एकाच चष्म्यावर वाचायच्या. मग थोरल्या ताईंचं झालं. थोरल्या ताईंनी चष्मा काढला की त्यानंतर आजोबांची पाळी, हे इतक्या वर्षांत हाडामांसात भिनलेलं. आजोबांनी मान थोडी खाली घातली, नेहमी घालायचे तशी. आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पुढचं पान, नर्सताई.” मध्ये श्वासभरही जागा नाही. नर्सताईंनी घसा खाकरला आणि वाचायला घेतलं.

आजोबांच्या शेजारच्या खुर्चीवर गुडघे टेकून त्यांची नात बसली होती. तिसरीत होती. घरात तिला सगळे पिपाणी म्हणत, कारण तिचा आवाज. ती स्वयंपाकघरात कुजबुजली तरी खालच्या मजल्यावर कळायचं की आज हिला भूक नाही. “आजोबा! तुम्हाला वगळलं!” ती म्हणाली. माइक बंद होता म्हणून बरं. आजोबा म्हणाले, “असू दे गं. तशीही मी कुठं वाचतो?” आणि हे म्हणताना त्यांना स्वतःचाच राग आला, कारण ते अगदी खरं होतं. डॉक्टरीणबाईंचं काय चुकलं? ज्यानं कधी पान घेतलंच नाही, त्याचं नाव कशाला पुकारायचं? आज तर हे वाचनाचं मंडळ सुरू करणाऱ्या, नुकत्याच गेलेल्या बाईंच्या आठवणीचं वाचन. वेळेत संपायला हवं, कुणाला कामावर जायचंय, कुणाची मुलं झोपायचीत. सगळं बरोबर होतं. फक्त ती जागा गेली होती. ती रिकामी जागा बाईंनी आजोबांसाठी राखली होती, आणि आज बाई नाहीत म्हटल्यावर पहिल्यांदा काय गेलं असेल, तर ती जागा.

बाई म्हणजे या मंडळाच्या जन्मदात्या. एका शाळेत ग्रंथपाल होत्या. गुडघ्यांनी दावा मांडला, जिने बंद झाले, नोकरीही संपली, तेव्हा घरात बसून करायचं काय? तर त्यांनी ओळखीपाळखीच्या चार माणसांना पडद्यावर गोळा केलं आणि म्हणाल्या, एकच पुस्तक सगळे मिळून वाचू, एकेक पान, मोठ्यानं. बाकी चर्चा नको, भाषण नको. चाराचे बारा झाले, बाराचे किती झाले ते बाईंनी कधी मोजलं नाही. मंडळाचं नावही ‘पुढचं पान’ असंच पडून गेलं. नियम दोनच. पहिला, पाळी कुणाचीही चुकवायची नाही. वाचायचं नसेल तर नका वाचू, पण नाव येणार, आणि तुमच्यासाठी सगळे थोडं थांबणार. दुसरा, कुणी अडखळलं तर मध्ये तोंड घालायचं नाही. “शाळेत मुलं अडखळली की अख्खा वर्ग तो शब्द ओरडतो,” बाई सांगायच्या. “आणि मग ते पोर पुन्हा पुस्तकाला हात लावत नाही. शब्द येईपर्यंत वाट पाहायची. आपल्याला कुठली गाडी पकडायचीय?” आजोबांची पाळी आली की बाई म्हणायच्या, “पुढचं पान, आमच्या विंगेतल्या काकांचं.” आणि थांबायच्या. त्या वेळात त्या पाणी प्यायच्या. ते प्यायलेलंसुद्धा ऐकू यायचं, आणि मग टेबलावर पेला ठेवल्याचा टक्क आवाज. “बरं. पुढचं पान…” आणि गाडी पुढं. रविवारमागून रविवार, एकदाही त्या विसरल्या नाहीत. आजोबा मान खाली घालून त्या टक्कची वाट बघायचे. त्या वेळात त्यांना लाजही वाटायची आणि दुसरं एक काहीतरी वाटायचं, ज्याला नाव देता येत नव्हतं. आज ते कळलं. आपल्यासाठी माणसं थांबतात, याचं ते सुख होतं. फुकट मिळायचं म्हणून त्याची किंमत कळली नव्हती.

आता विंगेतले काका का, तर आजोबा जन्मभर नाटकात प्रॉम्प्टर होते. प्रॉम्प्टर म्हणजे कोण हे तुम्हाला ठाऊक नसेल. रंगमंचाच्या कडेला जे उंच पडदे असतात, त्यांना विंग म्हणतात. त्या विंगेच्या अंधारात एक माणूस नाटकाची वही आणि छोटी बॅटरी घेऊन बसतो आणि नट बोलतो त्याच्या अर्धं वाक्य पुढं राहून सगळं नाटक वाचत असतो. नट कुठं अडला, तर हा त्याला शब्द देतो. असा, की नटाला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाला जाऊ नये. ही कला आहे. ओठ हलवायचे, वारा सोडायचा, पण आवाजाची गाठ पडू द्यायची नाही. आजोबांना ती अशी साधली होती, की नट म्हणायचे, तुमचा शब्द कानात येत नाही, थेट जिभेवर येतो. पण म्हणतात ना, ज्या हातानं काम करावं त्या हाताला घट्टे पडतात. आजोबांच्या आवाजाला घट्टा पडला. घरातही ते तसंच बोलू लागले. बायको होती तेव्हा तिला त्याची सवय झाली होती. भाजीवाला मात्र प्रत्येक वेळी ‘काय?’ विचारायचा. सून म्हणायची, “बाबा, तुमची आणि पिपाणीची सरासरी काढली ना, तर घरात एक नीट बोलणारं माणूस निघेल.” अशा आवाजानं चारचौघांत पान कसं वाचायचं? मंडळात येऊन बसायचे ते ऐकायला. समोर त्या आठवड्याची पानं छापून ठेवलेली असायची, आणि कुणीही वाचत असो, आजोबांचे ओठ अर्धं वाक्य पुढं चालत असायचे. माइक बंद. कुणाला काय कळणार? पिपाणीला कळायचं. तिला तो खेळ वाटायचा. तिनंही शिकायचा हट्ट धरला होता. आजोबा तिला शिकवायचे: तळहात गालाशी धर, वारा सोड, माझ्याकडे बघू नकोस, बघितलंस की लोकांना कळतं. ती सगळं नीट करायची, आणि शब्द मात्र तोंडातून असा सुटायचा की गॅलरीतली कबुतरं उडायची. “जमेल, जमेल,” आजोबा म्हणायचे. त्यांना लहान मुलांना शिकवण्याची घाई कधीच नव्हती.

समोर नर्सताई वाचत होत्या. छान वाचायच्या, रात्रपाळी करून आलेल्या माणसाचा थोडा खरखरीत, शांत आवाज. पुस्तक बाईंच्या शाळेतलं, मुलांचं. टपाल पोचवणाऱ्या एका घोडीची गोष्ट. घोडीचा म्हातारा धनी आजारी पडून कुठं दूर गेलाय, नवा माणूस आलाय, पण घोडीला वाट पाठ आहे आणि ती प्रत्येक फाटकाशी आपोआप थांबते, पत्र असो वा नसो. हे पुस्तक अर्धवट राहिलं होतं. बाई जिथं थांबल्या त्याच्या थोडं अलीकडून सुरू करून आज धडा पूर्ण करायचा, असं डॉक्टरीणबाईंनी ठरवलं होतं. तेव्हा कुठलं पान कुणाला येणार हे आजोबांनी सकाळीच बोटांवर मोजून पाहिलं होतं. थोरल्या ताईंच्या नंतरचं. ते पान आपल्यावर येणार. बाई थांबतील तेवढ्या थांबतील… आणि मग आठवलं होतं, की बाई नाहीत. आता तेच पान नर्सताई वाचत होत्या आणि ती ओळ जवळ येत होती. आजोबांचे ओठ, सवयीनं, अर्धं वाक्य पुढं. ‘घोडी फाटकाशी थांबली. आत दिवा होता. आतून कुणीतरी हाक मारली. तो आवाज…’

तो आवाज. बाई इथंच थांबल्या होत्या. त्याआधी काही दिवसांपासून त्यांचे शब्द हरवू लागले होते. डॉक्टरांनी त्या आजाराला काही नाव दिलं होतं, बाई म्हणायच्या, “माझ्या कपाटातली पुस्तकं कुणीतरी न विचारता घेऊन जातंय.” एकदा त्यांनी आजोबांना फोन केला. इकडचं तिकडचं झालं, पिपाणीची चौकशी झाली, आणि मग म्हणाल्या, “काका, एक काम आहे. तुम्ही वाचू नका हवं तर. पण मी अडले तर मला शब्द द्याल?” आजोबा म्हणाले, “बाई, नियम तुमचाच आहे, मध्ये तोंड घालायचं नाही म्हणून.” “नियम पोरांसाठी केला होता. त्यांचा शब्द येणार असतो. माझा येणार नाही.” हे त्या अगदी सहज बोलल्या, उद्या पाणी येणार नाही असं सांगावं तसं. “बाकी कुणी दिला तर मला लाज वाटेल. तुमचा तो धंदाच आहे.” आजोबा म्हणाले, “देईन की.” किती सोपं वाटलं तेव्हा. जन्मभर तेच तर केलं होतं.

आणि त्या रविवारी बाई वाचत होत्या. आवाज स्वच्छ, शाळेतल्या मुलांना वाचून दाखवतात तसा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. “आतून कुणीतरी हाक मारली. तो आवाज…” आणि थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, “तो आवाज…” सगळ्या चौकटी गप्प. सगळे नियम पाळत होते, कुणी बोट हलवत नव्हतं. आजोबांनी शब्द दिला. आपोआप दिला, श्वासासारखा, उत्तम दिला. बाई वाट पाहत होत्या. आजोबांनी पुन्हा दिला, थोडा ठळक. बाईंनी डोळे वर करून पडद्याकडे पाहिलं. त्यांना आजोबांची चौकट शोधायची असेल. आणि टेबलाखाली रंगाचे खडू गोळा करणारी पिपाणी खालूनच ओरडली, “आजोबा, तुमचा माइक बंद आहे!” तेव्हा आजोबांच्या लक्षात आलं. त्यांनी हात पुढं केला. बोट त्या लाल रेघ मारलेल्या माइकच्या खुणेवर नेलं. आणि नुसतं तिथंच ठेवलं.

का? हे त्यांनी पुढं कितीतरी वेळा स्वतःला विचारलं. दात घासताना, बसथांब्यावर, दुकानात मीठ मागताना. फार जुनी एक गोष्ट होती. एक मोठा नट, वयानं थकलेला, ऐन प्रसंगात वाक्य विसरला. आजोबा तेव्हा तरुण होते, घाबरले, आणि त्यांनी दिलेला शब्द गाठ पडून मोठा गेला. पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं. हसू मागं मागं पसरत गेलं. त्या नटानं तो शब्द घेतलाच नाही, दुसरंच काहीतरी बोलून प्रसंग रेटला, आणि प्रयोगानंतर कपडे बदलताना एवढंच म्हणाला, “मी विसरलो हे मला माहीत होतं. तू ते गावाला सांगितलंस.” त्यानंतर तो आजोबांच्या विंगेकडं कधी फिरकला नाही. सगळी वाक्यं दुसऱ्या बाजूला जाऊन बोलायचा. तेव्हापासून आजोबांनी एक गोष्ट पक्की केली होती, सगळ्यांना ऐकू जाणारा शब्द देण्यापेक्षा न दिलेला बरा. आणि इथं, या पडद्यावर, विंगच नव्हती. माइक उघडला की सगळ्यांना ऐकू जाणार. एकट्या बाईंपर्यंत जाणारी वाटच नव्हती. बोट खुणेवर ठेवून आजोबा जणू ती वाट शोधत राहिले. बाईंना चारचौघांत उघडं कसं पाडायचं, असं त्यांना वाटलं. बाई तर उघड्याच पडल्या होत्या, सगळ्यांच्या समोर, एका शब्दासाठी हात पसरून. हे जगात एका प्रॉम्प्टरलाच कळू नये! दुसरा कुणीही साधा माणूस असता तर पटकन बोलून गेला असता. बाई पाणी प्यायल्या. पेला ठेवला. टक्क. “आज इथंच थांबू या,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. तेच त्यांचं शेवटचं वाचन.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला. बाई म्हणाल्या, “अहो, मी भांडायला फोन केलेला नाही. फक्त एक विचारायचंय. काल शब्द तुमच्या तोंडाशी आला होता का?”

“आला होता.”

“नक्की?”

“दोनदा.”

“मग बरं,” बाई म्हणाल्या. “म्हणजे कुठंतरी होता तो. मला वाटलं, सगळीकडूनच गेला.” आणि मग, फोन ठेवता ठेवता, “पुढच्या खेपेला माइक उघडा ठेवा हं, काका.” पुढची खेप आलीच नाही. आजोबांना ‘मग बरं’ हे दोन शब्द सगळ्यात जास्त टोचायचे. त्या रागावल्या असत्या तर माणूस पाया तरी पडला असता. पण बाईंनी त्या बिचाऱ्या शब्दावरच समाधान मानलं, जो त्यांना मिळाला नव्हता.

“…तो आवाज ओळखीचा होता,” नर्सताईंनी वाचलं, आणि पुढं गेल्या. एका श्वासात. काही झालं नाही. गॅलरीतलं मशीन थांबलं होतं. त्या ओळीवर कुणाचीही चौकट हलली नाही. आजोबांना वाटलं, कुणीतरी थांबेल, निदान धाकट्या ताई तरी डोळे टिपतील. पण ती ओळ त्यांच्यासाठी इतर ओळींसारखी एक ओळ होती. बाई नेमक्या कुठल्या शब्दाशी अडल्या होत्या, ते त्यांच्या लक्षातही राहिलं नव्हतं. बाईंचा हरवलेला शब्द फक्त आजोबांकडे होता, आणि आता तो असा सगळ्यांसमोरून, उन्हात वाळवणावरून चिमणी जावी तसा, भुर्रकन निघून गेला. म्हणजे तो आता कायमचा आपल्या तोंडात राहणार, असं आजोबांच्या मनात आलं. ना गिळता येणार, ना देता येणार.

धडा संपला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आता आपण सगळे बाईंसाठी थोडा वेळ शांत बसू. माइक सगळ्यांनी बंद करा प्लीज.” लाल रेघा एकेक करून लागल्या. शांतता झाली. आतल्या खोलीत सून इस्त्री करत होती, तिचा कपड्यांवर पाणी मारल्याचा फुस्स आवाज तेवढा येत होता. आजोबांनी मान खाली घातली. आणि मान खाली गेल्यावर मानेनंच ओळखलं, की ही तीच जागा आहे. विंगेतल्या काकांची जागा. सगळे थांबलेत, कुणालाही कुठली गाडी पकडायची नाही. फक्त आता शेवटी पेला वाजणार नव्हता. ही शांतता संपवायला कुणी नव्हतं, घड्याळ सोडून. त्यांनी ऐकलं, खरंच कान देऊन ऐकलं. टक्क झालं नाही. डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं, आपल्या माइकवरची रेघ काढली. “थँक्यू. बाईंना हे आवडलं असतं. तर मग मी बंद करते हं…” एकेक माणूस हात हलवू लागलं. आता एकेक चौकट मिटत जाणार, शेवटी काळा पडदा, आणि त्यात आपलंच तोंड दिसणार.

पिपाणी म्हणाली, “आजोबा, आणि तुमचं पान?”

आजोबांनी बोट खुणेवर नेलं. ते तिथंच थांबलं, मागच्यासारखं. मग त्यांनी ते दाबलं. “माझं पान राहिलंय,” ते म्हणाले.

“कुणीतरी बोललं का?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “थांबा थांबा. विंगेतले काका, तुमचे ओठ हलतायत. माइक बंद असेल तुमचा.”

“उघडा आहे,” आजोबा म्हणाले. “आवाजच एवढा आहे.”

थोरल्या ताई खुदकन हसल्या. मग धाकट्या म्हणाल्या, “अगं, काका बोलले! गप्प बस ना, आणि तो आवाज वाढव. उजवीकडचं बटण. उजवीकडचं गं, तुझं उजवीकडचं!” चौकटीतली माणसं पडद्याच्या जवळ जवळ आली, नुसते कान आणि गाल दिसू लागले. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला होता. “काका, सॉरी हं. मला वाटलं तुम्ही वाचत नाही, म्हणून मी… कुठलं पान हवं तुम्हाला? पुढचा धडा उघडू?”

“नको. थोरल्या ताईंच्या नंतरचं. आत्ताच झालं ते.” आजोबा नर्सताईंना म्हणाले, “ताई, तुम्ही छानच वाचलंत. पण ते माझ्यावर येत होतं.”

“वाचा ना काका,” नर्सताई म्हणाल्या. “मी आहे.”

आणि आजोबांनी वाचायला घेतलं. ते वाचन कसलं? वारा होता तो, ओठांवरून येणारा, कडेकडेनं फाटलेला. शब्द गाठ न पडता सुटत होते. बरं, जन्मभर ते दुसऱ्याच्या अर्धं वाक्य पुढं चालत आले होते. आता पुढं कुणी बोलणारंच नव्हतं. त्यामुळं त्यांना मधूनमधून थांबून वाट पाहावीशी वाटायची, की नटानं वाक्य घेतलं का. नटही तेच. ओळ संपली की श्वास संपायचा. आतल्या खोलीतली इस्त्री बंद झाली होती, सून दारात येऊन उभी होती, हातात अर्धी घडी घातलेला शर्ट. सासऱ्यांनी घरात असं एखादं पान वाचलेलं तिनंही कधी ऐकलं नव्हतं. घोडी चढ चढली. पूल ओलांडला. पहिलं फाटक गेलं, दुसरं गेलं. आजोबांना वाटलं, जमतंय की. हेच, एवढंच, बाईंच्या देखत केलं असतं तर? एखाद्या रविवारी, नुसतं त्यांना गंमत म्हणून? त्यांनी पेला अर्धा उचलून तसाच हातात धरला असता. पाणी प्यायच्या विसरल्या असत्या. त्यांच्या त्या इतक्या पेल्यांपैकी एक पेला तरी आपण वाचवायला हवा होता.

“घोडी फाटकाशी थांबली,” आजोबांनी वाचलं. “आत दिवा होता. आतून कुणीतरी हाक मारली. तो आवाज…”

आणि शब्द आला नाही. पानावर तो समोर होता, काळाभोर, सरळ. पण डोळ्यांत पाणी आल्यामुळं ओळी एकमेकींत मिसळल्या, आणि गळ्याशी इतके दिवस धरून ठेवलेला तो शब्द नेमका आता, पाहिजे तेव्हा, हात सोडून कुठं गेला कळेना. “तो आवाज…” ते पुन्हा म्हणाले. पडद्यावर सगळे थांबले होते. सगळ्यांनी तो शब्द नुकताच ऐकला होता, सगळ्यांना तो येत होता. थोरल्या ताईंचे ओठ तर जवळजवळ उघडलेच होते. पण कुणी दिला नाही. बाईंचा नियम होता, आणि आजच्या दिवशी तो कोण मोडणार? आजोबा त्या सगळ्या गाला-कानांकडे बघत राहिले आणि त्यांना आत्ता, इतक्या उशिरा, कळलं की बाई कुठं उभ्या होत्या. तिथं उभं असताना लाज बिज काही वाटत नाही. मोठ्यानं दिला की हळू दिला, याचं कुणाला काय पडलेलं असतं? फक्त कुणाचा तरी आवाज यावा असं वाटतं.

पिपाणी खुर्चीवर सरळ झाली. तिनं आधी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. माइकवर रेघ नव्हती. आईनं दारातून मान हलवली, ओरडू नकोस म्हणून, पण ती आईकडे बघतच नव्हती. आजोबांकडेही बघत नव्हती. बघितलं की लोकांना कळतं. तिनं टेबलावरच्या कागदावर नजर ठेवली, तळहात गालाशी धरला, छाती भरून वारा घेतला, आणि त्यातला थोडासाच सोडून, गाठ पडू न देता, आजोबांपुरता, तिनं तो शब्द दिला.